पाणी ओसरले, गाळ राहिला

घरात चोर शिरू नये म्हणून माणूस रखवालदार ठेवतो. पण रखवालदारच आजारी पडला तर काय करायचे, हे कुणी सांगत नाही. आमच्या घरच्या संगणकातला अँटिव्हायरस असाच एकदा आजारी पडला. अपडेट घेईना. 'तुमचा संगणक असुरक्षित आहे' अशी लाल पाटी लावून बसला. 'दुरुस्त करा' दाबले की दोन मिनिटे गंभीर चेहरा करी आणि पुन्हा तीच पाटी. थेट आमच्या साहेबांची कार्यपद्धती!

कन्येच्या प्रवेशअर्जाला एक दिवस उरलेला. कंपनीला फोन लावला. (नाव सांगत नाही, वीस वर्षे बँकेत काढली, गुप्तता अंगात मुरली आहे.) पलीकडचा म्हणाला, "काका, काढून टाका आणि परत टाका." काढला. परत टाकायला गेलो तर उत्तर आले, 'आधीच एक बसवलेला आहे.' यादीत नाव नाही, पण ठिय्या कायम!

"अहो, काढलात की बढती दिलीत त्याला?" सौभाग्यवतींनी विचारले.

खरे तर हिंदमाताला राहणाऱ्या माणसाला हे आधीच कळायला हवे होते. आमचा भाग बशीसारखा खोलगट. पालिकेने सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या त्या याच पाण्यासाठी. इथल्या कुठल्याही साडीवाल्याला विचारा, पाणी ओसरणे वेगळे आणि दुकान साफ होणे वेगळे. अँटिव्हायरस 'काढला' म्हणजे नुसते पाणी ओसरले. उरलेल्या फायली, रजिस्ट्रीतल्या नोंदी, ड्रायव्हर हा गाळ तसाच असतो.

तो साफ करायला कंपन्या वेगळे 'रिमूव्हल टूल' देतात. मग ते आधी का सांगत नाहीत? म्हणे, विषाणूने हुसकू नये म्हणून हा गाभ्यात घट्ट बसतो. बसू दे! विषाणूला अडवा, पैसे मोजणाऱ्या मालकाला कशाला? गाभ्यात बसलेला बिघडला की काय होते, ते १९ जुलै २०२४ला जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे आडवी झाली आणि पुष्कळ ठिकाणी माणसांना एकेका यंत्रापाशी बसून ती फाईल हाताने पुसावी लागली.

आमच्याकडे खाते बंद करायचे तर चेकबुक परत घेतो, शिल्लक देतो, मगच बंदचा शिक्का. तोच नियम इथे लावा. परवान्याचा क्रमांक कागदावर उतरवा. कंपनीच्याच संकेतस्थळावरून ताजी प्रत आणि सफाईचे टूल उतरवून ठेवा. जुना रीतसर काढा, संगणक बंद करून चालू करा, टूल फिरवा, पुन्हा बंद-चालू करा. मगच नवा बसवा.

मी एवढे केले. रात्री साडेअकराला अर्ज गेला. पण माझी तक्रार कायम आहे. आत यायला एक बटण आणि बाहेर जायला एवढी वरात? ज्याला नीट निघता येत नाही, त्याला घरात घेण्याआधी दारातच तसे सांगायला हवे. पाहुण्यांनासुद्धा हा नियम लावावा म्हणतो. पण सध्या सासुरवाडीची मंडळी आलेली आहेत.