बस कुणाची, मार्ग कुणाचा?

शिक्षणासाठी, नोकरीनिमित्त वा परदेशी स्थायिक झालेल्या मुलाबाळांच्या भेटीसाठी लंडनला जाणाऱ्या मराठी माणसाला तिथली लाल दुमजली बस पहिल्याच दिवशी ओळखीची वाटते. बस कोणत्या कंपनीची, हा प्रश्न प्रवाशाला पडतच नाही. रंग एक, भाडे एक, नकाशा एक आणि तिकिटाचे कार्डही एकच. जुलै २०१४ पासून या बसगाड्यांत रोख पैसे स्वीकारले जात नाहीत आणि पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे वेगळे भाडे पडत नाही. हाच प्रवासी काही वर्षांपूर्वी मँचेस्टरला गेला असता, तर मात्र चक्रावून गेला असता. एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या रंगांच्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या बसगाड्या एकामागोमाग धावत आणि एका कंपनीचा पास दुसरीच्या बसमध्ये बहुधा चालत नसे. देश एकच, पण बसप्रवासाचे नियम दोन. हा फरक १९८०च्या दशकातील एका राजकीय निर्णयाने घडवला. तो निर्णय उलटवण्याची प्रक्रिया आता इंग्लंडमध्ये सुरू झाली आहे आणि म्हणूनच तिची दखल घेणे आवश्यक आहे.

मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८५ साली परिवहन कायदा संमत केला आणि २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेरच्या ब्रिटनमधील बससेवा नियंत्रणमुक्त झाली. परवाना असलेल्या कोणत्याही कंपनीने ४२ दिवसांची पूर्वसूचना द्यावी आणि हव्या त्या मार्गावर, हव्या त्या वेळी, हव्या त्या भाड्यात बस चालवावी, असे त्याचे स्वरूप होते. सेवा बंद करण्यासाठीही तेवढीच पूर्वसूचना पुरेशी होती. तत्कालीन परिवहनमंत्री निकोलस रिडले यांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता. स्पर्धा आली की भाडी उतरतील, सेवा सुधारेल आणि करदात्यांवरील अनुदानाचा भार हलका होईल. जे मार्ग फायद्याचे नाहीत, पण समाजाला आवश्यक आहेत, ते स्थानिक संस्थांनी निविदा काढून चालवून घ्यावेत, अशी तरतूदही त्यात होती. लंडनला मात्र यातून वगळण्यात आले. तिथे बस चालवण्याचे काम टप्प्याटप्प्याने खासगी कंपन्यांकडे गेले खरे. परंतु मार्ग कोणता, फेऱ्या किती आणि भाडे काय, हे ठरवण्याचा अधिकार सार्वजनिक यंत्रणेने कधीच सोडला नाही.

स्पर्धेचा फुगा

प्रत्यक्षात स्पर्धा झाली ती जिथे प्रवासी आधीपासूनच भरपूर होते तिथे. मँचेस्टरच्या विल्म्सलो रोडवर, विद्यापीठाच्या परिसरात, बसगाड्यांची रांग लागे. शहराच्या कडेच्या वसाहतींत मात्र संध्याकाळनंतर बस मिळणे दुरापास्त झाले. शेफील्डचे उदाहरण अधिक बोलके आहे. साउथ यॉर्कशायरच्या स्थानिक प्रशासनाने तिथे १९७०च्या दशकापासून भाडी जाणीवपूर्वक अत्यल्प ठेवली होती. लहान मुलांना अवघ्या २ पेन्समध्ये प्रवास करता येई. १९८६ मध्ये हे धोरण संपुष्टात आले, भाडी एकदम काही पटींनी वाढली आणि प्रवासी बसपासून दुरावू लागले.

मोकळी स्पर्धा फार काळ मोकळी राहत नाही, याचा धडा डार्लिंग्टन या गावाने दिला. १९९४ मध्ये तिथल्या नगरपालिकेच्या बस कंपनीची विक्री होऊ घातली असताना स्टेजकोच समूहाच्या कंपनीने त्याच मार्गांवर चक्क फुकट बस सोडल्या. पालिकेची कंपनी कोलमडली. मक्तेदारीविषयक आयोगाने पुढे या वर्तनावर कडक ताशेरे ओढले, पण तोवर प्रतिस्पर्धी उरलाच नव्हता. २०११ मध्ये स्पर्धा आयोगाने देशभरातील स्थानिक बससेवेची चौकशी केली, तेव्हा एकाच मार्गावर दोन कंपन्यांची समोरासमोर स्पर्धा क्वचितच आढळते, असा निष्कर्ष निघाला. ज्या तत्त्वाच्या आधारे नियंत्रण हटवले, ते तत्त्वच बाजारातून लुप्त झाले होते.

परिणाम आकड्यांत दिसतो. लंडन वगळता इंग्लंडच्या महानगर विभागांतील बसप्रवास १९८६ नंतरच्या तीन दशकांत निम्म्याहून अधिक घटला. लंडनमध्ये तो वाढला. इतका की, इंग्लंडमधील एकूण बसफेऱ्यांपैकी सुमारे निम्मा प्रवास एकट्या राजधानीत होऊ लागला. अर्थात, सारा दोष नियंत्रणमुक्तीच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. मोटारींची संख्या वाढत होती आणि बसचे प्रवासी १९८६च्या आधीपासूनच कमी होत होते. लंडनला दाट वस्ती, भुयारी रेल्वे आणि २००३ पासून मध्यवर्ती भागात लागू झालेला वाहन-कोंडी कर यांचीही साथ मिळाली. तथापि, एवढे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. घसरण रोखण्यासाठी काही करावे, असे एखाद्या शहराला वाटले, तरी ते करण्याचे अधिकार त्याच्या हाती कुठे होते? भाडे कंपनीचे, वेळापत्रक कंपनीचे. शहराच्या वाट्याला फक्त तक्रारी. संयुक्त राष्ट्रांचे माजी विशेष प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन यांनी २०२१ मध्ये सहकाऱ्यांसमवेत सादर केलेल्या अहवालात या व्यवस्थेची कठोर चिकित्सा केली, ती मानवी हक्कांच्या दृष्टिकोनातून. बस चुकली म्हणजे केवळ गैरसोय होत नाही. नोकरी, रुग्णालय आणि शाळाही हातची जाते, हे त्यामागील सूत्र होते.

मँचेस्टरची पिवळी बस

बदलाची वाट २०१७च्या बससेवा कायद्याने खुली केली. थेट निवडून आलेले महापौर असलेल्या संयुक्त प्राधिकरणांना लंडनसारखी कंत्राटी पद्धत स्वीकारण्याची मुभा त्यात मिळाली. त्याच वर्षी ग्रेटर मँचेस्टरचे महापौर झालेले अँडी बर्नहॅम यांनी मार्च २०२१ मध्ये तसा निर्णय घेतला. स्टेजकोच आणि रोटाला या कंपन्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. २०२२ मध्ये ते फेटाळले गेले. २४ सप्टेंबर २०२३ रोजी बोल्टन, विगन आणि परिसरात ‘बी नेटवर्क’च्या पिवळ्या बस धावू लागल्या. मार्च २०२४ मध्ये ओल्डहॅम, रॉचडेल आणि उत्तर मँचेस्टर, तर ५ जानेवारी २०२५ रोजी स्टॉकपोर्ट, टेमसाइड, ट्रॅफर्डसह उरलेला भाग या व्यवस्थेत आला. मधमाशी हे मँचेस्टरच्या उद्योगी परंपरेचे जुने प्रतीक. नाव त्यावरूनच पडले. मार्च २०२५ पासून बस आणि ट्राम यांसाठी बँकेचे एकच कार्ड यंत्राला लावून प्रवास करता येतो आणि दिवसभराच्या भाड्यावर कमाल मर्यादा आपोआप लागू होते. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडभर ठरवलेली एका फेरीच्या भाड्याची २ पौंडांची मर्यादा जानेवारी २०२५ मध्ये ३ पौंडांवर नेली, तेव्हा मँचेस्टरने आपली २ पौंडांचीच ठेवली. अधिकार हाती असणे म्हणजे काय, ते यातून स्पष्ट व्हावे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मँचेस्टरच्या बसगाड्या खासगी कंपन्याच चालवतात. न्यायालयात गेलेल्या स्टेजकोच आणि रोटाला याच कंपन्यांनी पुढे निविदा भरून कंत्राटे मिळवली. म्हणजे खासगी क्षेत्राला हाकलून देण्यात आलेले नाही. मार्ग, भाडे आणि सेवेचा दर्जा ठरवण्याचा अधिकार तेवढा लोकनियुक्त यंत्रणेकडे परत आला आहे. मात्र, अधिकाराबरोबर जोखीमही आली. तिकिटांचे उत्पन्न आता प्राधिकरणाच्या तिजोरीत जमा होते. प्रवासी घटले तर खड्डाही तिथेच पडणार. आगारे आणि बसगाड्या यांसाठी भांडवल लागते आणि रस्ते मोटारींनी तुंबलेले राहिले, तर बसचा रंग बदलून ती वेळेवर येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तित्वात आलेल्या नव्या कायद्याने कंत्राटी पद्धतीचा मार्ग इंग्लंडमधील अन्य स्थानिक परिवहन संस्थांसाठी सुकर केला आणि पालिकांनी नव्या बस कंपन्या काढण्यावर २०१७ मध्ये घातलेली बंदीही उठवली. परंतु मँचेस्टरइतका पैसा आणि प्रशासकीय बळ नसलेल्या ग्रामीण भागांना हा अधिकार कितपत पेलवेल, ही शंका रास्त आहे.

मुंबईकर वाचकाला या कथेतील एक सूर परिचित वाटेल. ‘बेस्ट’नेही खासगी कंत्राटदारांकडून भाडेतत्त्वावर बस घेण्याचा मार्ग पत्करला आहे. मार्ग आणि भाडे उपक्रमाचे, बस आणि चालक कंत्राटदाराचे. कागदावर ही रचना लंडनच्या जवळ जाणारी आहे. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवर आणणे आणि मे २०२५ मध्ये ते १० रुपये करणे, हे दोन्ही निर्णय सार्वजनिक पातळीवरच झाले. पण ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी वेतनासाठी काम बंद केले आणि थांब्यांवर ताटकळलेल्या प्रवाशांना या रचनेतील कच्चा दुवा कळून चुकला. कंत्राटात बसच्या किलोमीटरचा दर जितक्या काटेकोरपणे लिहिला जातो, तितक्याच काटेकोरपणे चालकाचे वेतन आणि सेवेची हमी लिहिली न गेल्यास अधिकार नावापुरताच उरतो.

बस सरकारी असावी की खासगी, या वादात ब्रिटनने चार दशके घालवली. लंडनने तो वाद बाजूला ठेवून नियोजनाची सूत्रे सोडली नाहीत, म्हणून तिथली बस टिकली. मँचेस्टरला तीच सूत्रे परत मिळवायला न्यायालयाची पायरी चढावी लागली. नफ्याचे मार्ग तेवढे उचलून उरलेले वाऱ्यावर सोडणाऱ्या व्यवस्थेची किंमत ज्याच्याकडे मोटार नाही तोच मोजतो. शहरातील शेवटच्या थांब्यावर उभ्या असलेल्या या प्रवाशाचा विचार कंत्राटाच्या पहिल्या पानावर व्हावा, एवढा बोध तरी या उलट्या प्रवासातून घेण्याजोगा आहे.