शंभर रुपयांची ओवाळणी

शंभर रुपयांत क्रिकेटचा सामना दाखवावा की नाही, यावरून आमच्या घरात २०२५च्या दिवाळीपासून दोन तट पडलेले आहेत. एका तटात माझा दादा आणि आमचे हे. दुसऱ्या तटात मी आणि दादाची दहा वर्षांची नात. संख्याबळ सारखंच आहे, पण आवाज आमचा जास्त!

त्या वर्षीचा महिलांचा विश्वचषक आपल्याकडे होता आणि साखळी सामन्यांची तिकिटं शंभर रुपयांपासून होती. दादाचं म्हणणं असं, की जे स्वस्त त्याला मान नाही. पुरुषांच्या सामन्याला लोक हजारो रुपये मोजतात, रांगा लावतात, आणि मुलींचा सामना शंभर रुपयांत? म्हणजे आपणच त्यांची किंमत शंभर ठरवली की! "हा सन्मान नाही, हा सेल आहे," इति दादा. आमच्या ह्यांनी मान डोलावली. मेहुणे-मेहुणे एकमेकांच्या बाजूने बोलायला लागले की काही खरं नसतं.

मी मात्र तो सामना पाहून आले आहे, त्यामुळे मला थोडं जास्त बोलायचा हक्क आहे असं मी समजते.

दर दिवाळीत मी भाऊबीजेला चिकलठाण्याहून दादाकडे नेरूळला जाते. त्या वर्षी भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती आणि त्याच दिवशी दुपारी तीनला तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत आणि न्यूझीलंड यांचा सामना. भाच्यानं आधीच तिकिटं काढून ठेवली होती. औक्षण झालं, आणि दादा म्हणाला, "यंदा साडी नाही. तुझ्या तिकिटाचे शंभर रुपये मी दिलेत, तीच ओवाळणी." वर पुन्हा, "स्वस्तात सुटलो!" स्वतः मात्र आला नाही. घरी टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं, असं त्याचं ठाम मत. वहिनीनं बजावलं होतं, डबा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा चकल्या घरीच खाऊन निघालो. भाचा, त्याची बायको, नात आणि मी.

वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा स्टेडियममध्ये पाऊल ठेवलं. क्रिकेट मला नवीन नाही हो. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन रेडिओवर ऐकत आमची पिढी वाढली. पण तो रेडिओ माजघरात कधी आला नाही, ओसरीवरच राहिला. आम्ही पोळ्या लाटता लाटता कान देऊन ऐकायचो आणि कोण बाद झालं ते ओसरीवरच्या आरोळीवरून ओळखायचो. पुढे टीव्ही आला तोही पुरुषांच्या खुर्च्यांसमोर. सामना "ह्यांचा" आणि चहा माझा, अशी वाटणी. तेव्हा पायऱ्या चढून वर पोचले आणि समोर एकदम ते एवढं मोठं हिरवं गोल मैदान दिसलं, तेव्हा मी जरा वेळ खाली बसलेच नाही. मागचे लोक "आजी, बसा" म्हणाले म्हणून बसले.

टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं हे खरंच आहे. चेंडू जास्त चांगला दिसतो. आमच्या जागेवरून तर चेंडू कधी कधी दिसतच नव्हता, लोक ओरडले की कळायचं. पण टीव्ही फक्त चेंडूच्या मागे धावतो. जिच्याकडे चेंडू गेला नाही ती काय करत होती, ते तो दाखवत नाही. आमच्यासमोर सीमारेषेजवळ न्यूझीलंडची एक मुलगी उभी होती. गोलंदाज धावायला लागली की हीही हळूहळू आत चालायला लागायची, चेंडू दुसरीकडे गेला की मागे वळून परत जागेवर. पुन्हा पुढचा चेंडू, पुन्हा आत, पुन्हा मागे. आमची नात पावलं मोजत होती. एका षटकात सहा वेळा. ४९ षटकं म्हणजे २९४ चेंडू. (गुणाकार मी सांगितला नाही, तिनंच केला, हे मुद्दाम नोंदवते.) एवढ्या वेळात त्या मुलीकडे चेंडू आला तो मोजून काही वेळा. बाकी सगळं नुसतं तयार राहणं.

दादा, इथे माझा पहिला मुद्दा. टीव्हीवर लहान मुलीला स्मृती मानधना दिसते, तिचा षटकार दिसतो, जाहिरात दिसते. म्हणजे चमत्कार दिसतो. मैदानावर तिला काम दिसतं. चमत्कार आपल्याला जमेल असं कुणाला वाटत नाही. काम जमेल असं वाटू शकतं.

सामनाही काय रंगला! त्याआधी आपण ओळीनं तीन सामने हरलो होतो, इंग्लंडकडून तर अवघ्या चार धावांनी. हा गेला असता तर उपांत्य फेरी अवघड होती. आपली फलंदाजी आधी आली. सांगलीची स्मृती १०९, प्रतिका रावल १२२, दोघींची सलामीचीच भागीदारी २१२. आदल्या सामन्यात वगळलेली जेमिमा परत आली ती नाबाद ७६ करून. ४८ षटकं झाली आणि पाऊस आला. मैदान झाकलं गेलं, आणि मला वाटलं आता लोक उठून जातील. कुठचे जातायत! थांबले, गाणी म्हणत बसले. मग एक षटक कमी करून आपल्या ३ बाद ३४०, न्यूझीलंडला ४४ षटकांत ३२५. त्या २७१पर्यंत आल्या. आपण ५३ धावांनी जिंकलो आणि उपांत्य फेरीत गेलो. छतरपूर जिल्ह्यातल्या घुवारासारख्या लहान गावातून आलेली क्रांती गौड धावत यायला लागली की माझे गुडघे विसरून मी उभी राहत होते.

पण मी स्कोअरपेक्षा माणसंच जास्त पाहत होते, शिक्षकाची खोड. पंचवीस हजारांवर लोक होते. बाप मुलींना खांद्यावर घेऊन आले होते. आजी-आजोबा होते, अख्खी कुटुंबं होती. आमच्या पुढच्या रांगेत आठवी-नववीतला एक मुलगा, पाठीवर १८ आकडा. मला वाटलं विराट कोहली. नीट पाहिलं तर वर नाव स्मृती! त्या मुलाला त्यात काही विशेष केल्यासारखं वाटत नव्हतं. हे सगळे लोक हजार-हजार रुपये मोजून, चौघंचौघं, सुटीच्या दिवशी आले असते का? मला वाटत नाही.

आता किमतीबद्दल. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात मुलींची बारावीपर्यंतची फी माफ झाली, तेव्हा मी नोकरीत होते. त्या वेळी शिक्षकांच्या खोलीत अगदी हेच बोलणं व्हायचं. फुकटचं कोण जपतं? फी भरली तरच पालक गांभीर्यानं घेतील. मी वर्गात उभी राहून पाहिलंय, सातवीनंतर रिकामी होणारी मुलींची बाकं हळूहळू भरत गेली. त्यांच्या शिक्षणाची किंमत कमी झाली म्हणून नाही, बापाला नाही म्हणायला एक कारण कमी उरलं म्हणून. शंभराच्या तिकिटानं तेच केलं. शिवाय खेळाडूंचं पोट त्या तिकिटावर नाही. २०२२पासून क्रिकेट मंडळ मुलींना सामन्याचं मानधन पुरुषांइतकंच देतं. तेव्हा सेल वगैरे काही नाही, दादा.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. भारतातली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ साली झाली, आणि ती कुठे लांब नाही, आपल्या पुण्यात. तीन संघ होते, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. मी तेव्हा औरंगाबादला बी.ए. करत होते, एकवीस वर्षांची. आम्हाला याचा पत्ता नव्हता. आमच्याकडे दुष्काळ होता, माझ्या वयाच्या बायका दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या. पण दुष्काळ सरल्यावरही ती बातमी आमच्यापर्यंत यायला पन्नास वर्षं लागली, याला काय म्हणायचं?

आणि मग ती मुलगी आठवते. नाव लिहीत नाही. सातवीत होती, मैदानाकडेच्या बोरीवर दगड मारायची, आणि सांगेल ते बोर पाडायची. पीटीच्या तासाला मुलांना बॅट-बॉल, मुलींना रिंग आणि लेझीम. ती एकदा म्हणाली, "बाई, मला एक ओव्हर टाकू द्या ना." पीटीच्या सरांशी मी भांडले आणि तिला टाकू दिलं. पंधरा दिवस टाकलं तिनं. चांगली मोठी मुलं तिच्यासमोर चाचपडायची. मग घरून निरोप आला, पोरगी मैदानावर दिसता कामा नये. त्यानंतर ती पीटीच्या तासाला वर्गातच बसायची, आणि आठवीला आलीच नाही. त्या घरातल्या लोकांनी बाईमाणसाला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. मैदान आणि मुलगी ह्या दोन गोष्टी एकत्र त्यांच्या डोळ्यांना दिसल्याच नव्हत्या. त्या दिवशी नेरूळला खांद्यावर मुली घेतलेले बाप पाहताना तिचा बाप माझ्या डोळ्यांसमोर येत होता. त्याला कुणी शंभर रुपयांत आणून बसवलं असतं तर?

कदाचित काही झालं नसतं, हेही खरं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. ३० ऑक्टोबरला त्याच मैदानावर जेमिमाच्या नाबाद १२७ धावा आणि ऑस्ट्रेलिया गारद. २ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक. ते मी इकडे घरीच टीव्हीवर पाहिलं, मध्यरात्री फटाके वाजले तोपर्यंत जागून. पण आता मी कोपऱ्यातली मुलगी शोधत बसते, आणि कॅमेरा तिकडे वळत नाही म्हणून माझी चिडचिड होते. हे म्हणतात, तुझं काही खरं नाही.

आमच्या चिकलठाण्याजवळ गरवारेचं मैदान आहे. मुलींचे सामने तिथेही झाले पाहिजेत, आणि आसपासच्या शाळांनी मुलींना रांगेनं नेऊन बसवलं पाहिजे. विश्वचषकाचेच हवेत असं नाही, जिल्ह्याचेही चालतील. आणि मुलींबरोबर बापांनाही न्या, डबा त्यांच्याकडे द्या! हे मी नुसतं लिहीत नाही. जवळच्या एका शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगून आले. ते माझेच विद्यार्थी, उठून उभे राहिले, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू या, बाई."

"बघू या"चा अर्थ पस्तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको. सोमवारी परत जाणार आहे.