चिऱ्याच्या मुलखात सिमेंटचा हिशेब

प्रति,
सार्वजनिक बांधकाम विभाग,
महाराष्ट्र शासन

जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. चुनखडी मातीसोबत १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की क्लिंकर तयार होतो. सिमेंट बनवताना निघणारा निम्म्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड जळणाचा नसून खुद्द चुनखडीतून सुटतो. इंधन बदलले तरी तो थांबत नाही. साध्या सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीमागे साधारण ४० किलो वायू हवेत जातो.

सिंधुदुर्गात खारेपाटण परिसरातल्या शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीला सिमेंटचे ब्लॉक लावणे म्हणूनच उफराटे ठरते. इथल्या सड्यांखाली, म्हणजे कातळी पठारांखाली, जांभा आहे. खाणीतून काढलेला जांभ्याचा चिरा ओला आणि मऊ असतो. वारा-ऊन खाल्ले की टणक होतो. विटेसारखी भट्टी त्याला लागत नाही, खर्च होते ते कटिंग मशिनचे आणि ट्रकचे इंधन. खारेपाटणचे जुने बंदर ज्या खाडीवर, तिच्याच मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. त्याची जांभ्याची तटबंदी शतकानुशतके समुद्राचा मारा खाते आहे. टिकाऊपणाबद्दल आणखी काय सांगावे?

अर्थात चिरा पारखून घ्यावा लागतो. पांढऱ्या मातीने भरलेल्या भोकांचा चिरा ठिसूळ निघतो, तो जोत्याला चालत नाही. जांभ्याच्या चिऱ्यांसाठी आयएस ३६२० हे भारतीय मानक आहेच. नीट घडवलेल्या चिऱ्याला सांधा बारीक पुरतो. वेडावाकडा चिरा मात्र सांध्यात सिमेंट ओतायला लावतो आणि वाचवलेला कार्बन तिथेच परत जातो.

स्लॅब, तुळया आणि कॉलम यांना काँक्रीट लागणारच. तिथे गोण्या मोजण्यापेक्षा क्लिंकर मोजावा. राखमिश्रित सिमेंटमध्ये मानकानुसार ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते, स्लॅग सिमेंटमध्ये ७० टक्क्यांपर्यंत स्लॅग. त्याहून नवे एलसी३ सिमेंट: निम्मा क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी, ५ टक्के जिप्सम. माती ७०० ते ८५० अंशांवरच भाजते. साध्या सिमेंटच्या तुलनेत उत्सर्जन ३० ते ४० टक्के घटते. आयएस १८१८९ हे त्याचे मानक २०२३ मध्ये आले. त्याला लागते केओलिनयुक्त माती, आणि सिंधुदुर्गात चिनी मातीचे साठे आहेत. त्यांची या कामासाठी तपासणी करून घ्यावी.

चिऱ्याची दुसरी बाजूही आहे. उघड्या टाकलेल्या खाणी सडा पोखरतात. कुडोपीसारखी कातळशिल्पे अशाच सड्यांवर आहेत. कोकणातली कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. परवानगी देण्याआधी सड्याची पाहणी आणि काम संपल्यावर खाण बुजवणे, या अटी निविदेतच हव्यात.

विभागाच्या अंदाजपत्रकात रुपयांच्या रकान्याशेजारी कार्बनचा रकाना असावा, आणि त्यात खाणीपासून बांधकामापर्यंतचे अंतरही धरावे. लांबून ट्रकने आणलेला चिरा हिरवा राहत नाही.