डब्याच्या मुखातील जाळी

गेल्या पंधरवड्यात एका छापखान्यात जाण्याचा योग आला असता, रूळ धुण्यासाठी आणलेले पेट्रोल पिण्याच्या पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत भरून, टोपण हरवल्यामुळे तिच्या तोंडात चिंधी कोंबून, भर उन्हात खिडकीत ठेवलेले माझ्या दृष्टीस पडले. आणि त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला चहाची शेगडी पेटलेली होती. मालकांकडे विषय काढला, तो ‘एवढीशी तर बाटली’ असे उत्तर मिळाले. त्या ‘एवढीशी’पायीच आजचा लेख लिहावा लागत आहे.

पेट्रोल जळते असे आपण म्हणतो, परंतु वस्तुतः जळते ती त्याची वाफ. आणि ही वाफ शून्याखाली चाळीस अंश सेल्सिअसच्या सुमारासही पेट घेण्याइतकी उठत असल्यामुळे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्या बाटलीभोवती ती अहोरात्र वावरत असते, हवेहून तिप्पट-चौपट जड असल्याने जमिनीलगत सरपटत जाते, आणि दूरच्या शेगडीवर पेटून ज्वालेसह आपल्या पात्रापाशी परत येते. सबब, पेट्रोल किती आहे याआधी ते कोणत्या पात्रात आहे याची चौकशी झाली पाहिजे.

योग्य पात्राचे मर्म खाणकामगारांच्या दिव्यात सापडते. 1812 साली इंग्लंडातील फेलिंगच्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन 92 जीव गेले, आणि त्या हानीने हेलावलेल्या मंडळींच्या विनंतीवरून हम्फ्री डेव्ही यांनी 1815 मध्ये दिव्याच्या ज्योतीभोवती बारीक तारांची जाळी बसविली. तारांचा धातू ज्योतीची उष्णता इतक्या त्वरेने शोषून घेतो, की जाळीपलीकडच्या वायूस पेटण्यापुरते तापमान लाभतच नाही. या शोधाचे पेटंट डेव्ही यांनी घेतले नाही, हे त्यांचे औदार्य मला शोधाइतकेच वंदनीय वाटते. ज्वालाग्राही द्रवांसाठी बनविलेल्या सुरक्षित पत्र्याच्या डब्याच्या मुखात तीच जाळी असते. वर स्प्रिंगचे झाकण असते, जे हात सुटताच आपोआप मिटते, आणि डबा आगीत सापडलाच तर आतल्या वाफेच्या दाबाने किंचित उचलले जाऊन ती बाहेर सोडते, त्यामुळे डबा बाँबसारखा फुटत नाही. अशी तजवीज असलेले डबेही मी कारखान्यांत पाहिले आहेत, पण ओतताना खोळंबा होतो म्हणून त्यांतील जाळी कामगारांनी सळईने भोसकून काढलेली होती! त्यांना दोष देण्याआधी, ती जाळी कशासाठी आहे हे त्यांना कोणी कधी सांगितले काय, हे विचारावे लागेल.

कायदा याबाबत मुका नाही. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याने विक्रीसाठी नसलेले तीस लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगण्याची मुभा दिली, परंतु ते घट्ट बुचाच्या पात्रातच ठेवावे, पात्र काचेचे वा चिनीमातीचे असल्यास एक लिटरहून आणि धातूचे असल्यास पंचवीस लिटरहून मोठे नसावे, असे बंधनही घातले. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीस त्यात स्थान नाही. या विषयाचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. तेव्हा अंमलबजावणीसाठी फार दूर गाऱ्हाणे न्यावे लागणार नाही. पंपांवर बाटली पुढे करणाऱ्यास नकार मिळावा, आणि छापखाने, गॅरेजे, रंगाची दुकाने तपासण्यास येणाऱ्या अधिकाऱ्याने दफ्तर मागण्यापूर्वी डबा मागावा, त्याचे झाकण उघडावे, आणि आत बोट घालून जाळी शाबूत आहे की नाही ते पाहावे.

— जागल्या