मातोश्रींचे वडील झाले

चेन्नईच्या वेलचेरीतल्या एका चकचकीत इस्पितळात मी आईला दाखल केलं आणि तीन दिवस तिथं माझे वडील राहिले. वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली.

प्रकार साधा. तमिळ माणूस सहसा आडनाव लावत नाही. बापाच्या नावाचं आद्याक्षर लावून मोकळा होतो. आपलं तीन डब्यांचं नाव पाहून संगणक गांगरला आणि त्यानं मधलाच डबा ठेवून घेतला. मनगटावर पट्टी चढली: वडिलांचं नाव, वय 72, स्त्री. शंकराचार्यांनाही इतकं शुद्ध अद्वैत जमलं नसेल! तक्रार केली, तर उत्तर आलं, "सिस्टीममध्ये तसंच आहे, सार." म्हणजे अपौरुषेयच. संपलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे सिस्टर आली. "बेड चौदा?" आई तेरावर. तमिळ येत नाही, म्हणून तिनं सवयीनं मान डोलावली. गोळ्या शुगरच्या होत्या. आईला शुगर नाही. मी हात आडवा घातला म्हणून निभावलं. त्या पोरीवर राग नाही. रात्रभर उभी होती बिचारी. राग आहे तो तिच्या डोक्यावरच्या सोनेरी चौकटीतल्या मान्यतापत्रावर. पलंगाचा नंबर ही ओळख नव्हे. नाव आणि जन्मतारीख वा नोंदणी क्रमांक, अशा दोन खुणा पटवायच्या, हा रुग्णसुरक्षेचा श्रीगणेशा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 साली शस्त्रक्रियेसाठी 19 कलमांची यादी दिली. तिची सुरुवातच इथून: रुग्णानं स्वतःची ओळख सांगितली का? खर्च शून्य. तिथंच घोडं पेंड खातं. शून्याचं बिल कसं फाडणार?

17 सप्टेंबरला, जागतिक रुग्णसुरक्षा दिनी, याच इस्पितळाच्या लॉबीत सुबक कोलम, म्हणजे तमिळ रांगोळी, काढतात म्हणे.

"मद्रासेत असंच चालायचं," पुण्याचा मावसभाऊ फोनवर बोलला. अरे वा! जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीनं 10 नवजात बाळं गेली, ती कुठल्या मद्रासेत? पुढं परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. ऑक्टोबर 2023 च्या तोंडाशी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू, त्यांत 12 अर्भकं. यावर खासदार हेमंत पाटलांनी उपाय काय काढला? प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन संडास साफ करवून घेतला. कॅमेऱ्यासमोर. औषधं, माणसं, खाटा यांचा हिशेब मागायला झाडू लागत नाही. पण हिशेबाचा फोटो चांगला येत नाही ना!

आईला घरी सोडताना अभिप्रायाचा अर्ज पुढं आला. 'आमची सेवा कशी वाटली? रुग्णाची सही.' मी म्हटलं, रुग्ण अकरा वर्षांपूर्वी वारला. बाई गोड हसली. "मग नातेवाइकाची चालेल, सार."

तेव्हा मंडळी, इस्पितळात कुणी गोळी पुढं केली, की आधी विचारा, "माझं नाव काय?" उत्तर येईपर्यंत तोंड उघडू नका.