गृहविज्ञान : एका बटणावर दोन दिवे

स्वयंपाकघराच्या मध्यभागीं छतास एकच दिवा आणि ओटा मात्र भिंतीशीं, अशी रचना आपल्याकडील पुष्कळ घरांत आढळते. तिचा परिणाम असा होतो कीं, ओट्याशीं उभें राहणाऱ्याच्या पाठीमागें उजेड पडतो आणि हातांवर स्वतःचीच सांवली येते. तांदुळांतील खडा, भाजींतील अळी आणि सुरीची धार या सर्व गोष्टी त्या सांवलींत पाहाव्या लागतात. मग घरांत असें ठरतें कीं, ओट्यावर आणखी एक दिवा बसवावा. नवें बटण कशाला, तो जुन्याच बटणावर चालावा. मागणी रास्त आहे, कामहि लहान आहे. परंतु वायरमन ज्या अर्ध्या तासांत तें उरकून जातो, त्या अर्ध्या तासांत घराच्या सुरक्षिततेचा एक प्रश्न नीट सुटतो, किंवा पुढें वर्षानुवर्षें तसाच राहतो. तो प्रश्न असा : बटण बंद केल्यावर वीज दिव्यापासून दूर थांबते, कीं दिव्यापर्यंत येऊन उभी राहते ?

हा भेद समजण्यासाठीं थोडें मुळाशीं गेलें पाहिजे. सामान्यतः आपल्या घरांत दिव्यासाठीं दोन तारा येतात. एकीस फेज व दुसरीस न्यूट्रल म्हणतात. दोहोंमध्यें २३० व्होल्टांचा दाब असतो. न्यूट्रल ही वीजकेंद्राच्या बाजूस जमिनीशीं जोडलेली असल्यामुळें तिचा जमिनीशीं दाब जवळजवळ शून्य असतो. फेजचा मात्र पूर्ण २३०. बटण यांपैकीं कोणत्याहि तारेंत घातलें तरी दिवा लागतो व विझतो, आणि फसगत होते ती येथेंच. न्यूट्रलमध्यें घातलेलें बटण बंद केलें कीं दिवा विझतो खरा, परंतु फेज होल्डरच्या टोंकाशीं जागीच असते. आपल्याकडील पिनांच्या होल्डरांत दोन्ही टोंकें सारखींच असून, दिवा काढला कीं दोन्ही उघडीं पडतात. त्यांपैकीं जिवंत कोणतें, हें पाहून सांगतां येत नाहीं. स्टुलावर चढून, ओल्या हातानें दिवा बदलणाऱ्या माणसाचा सर्व भरंवसा बंद बटणावरच असतो.

दिवा लहान आहे म्हणून धोकाहि लहान, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. ९ वॅटच्या एलईडी दिव्यांतून सुमारें ४० मिलिॲम्पिअर प्रवाह वाहतो. तेवढाच प्रवाह माणसाच्या छातींतून कांहीं सेकंद वाहिला तर तो प्राणघातक ठरूं शकतो. ६ ॲम्पिअरचें एमसीबी, म्हणजे ६,००० मिलिॲम्पिअर सहज सोसणारें साधन, अशा वेळीं जागचें हलणार नाहीं. तें तारांच्या रक्षणासाठीं आहे, माणसाच्या नव्हे. माणसासाठीं आरसीसीबी नांवाचें वेगळें साधन असतें. घरगुती वापराचें हें साधन ३० मिलिॲम्पिअर प्रवाह जमिनीकडे गळूं लागला म्हणजे क्षणार्धांत पुरवठा तोडतें. तें घरांत नसेल तर दुसऱ्या दिव्याच्या आधीं त्याचा विचार व्हावा.

आपलें बटण कोणत्या तारेंत आहे, याची एक खूण एलईडी दिव्यांनीं आपणांस आयतीच दिली आहे. रात्रीं बटण बंद केल्यावरहि एखादा दिवा काजव्यासारखा मंद मिणमिणत राहतो. पुष्कळदां याचें कारण हेंच कीं, बटण न्यूट्रलमध्यें असून फेज दिव्यापर्यंत पोंचलेली असते. बटणांत दर्शक दिवा असल्यास, किंवा तारा लांबवर एकमेकींच्या शेजारून गेल्या असल्यास, फेजमधील बटणानेंहि असा प्रकार घडतो. म्हणून ही खूण निर्णायक नव्हे. परंतु वायरमनला बोलावणें धाडण्यास ती पुरेशी आहे. दुसरा दिवा जोडण्यापूर्वी पहिल्याची ही परीक्षा झालीच पाहिजे. नाहीं तर एकाच्या जागीं दोन होल्डर सदैव जिवंत राहतील.

आतां जोडणीचा विचार करूं. दोन दिवे एकापुढें एक जोडणें ही एकसर जोडणी. शेजारीं शेजारीं जोडणें ही समांतर जोडणी. एकसर जोडणींत २३० व्होल्टांची वांटणी होते. पूर्वीचे ६० वॅटचे तंतूचे दोन सारखे दिवे असे जोडले, तर प्रत्येकास ११५ व्होल्ट मिळतात आणि उजेड मूळच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. एलईडी दिवे तर असे जोडल्यास लुकलुकतात किंवा लागतच नाहींत. एका पाहुण्याच्या पानांतील निम्में उचलून दुसऱ्यास वाढावें, तशांतला हा प्रकार. समांतर जोडणींत प्रत्येकाचें पान स्वतंत्र मांडलेलें असतें व दोघांसहि पूर्ण २३० व्होल्ट मिळतात. घरांतील दिव्यांस हीच जोडणी योग्य होय.

नव्या दिव्याची तार कोठून घ्यावी ? बटणाला दोन स्क्रू असतात. एकावर फेज येते. दुसऱ्यावरून ती दिव्याकडे जाते. नव्या दिव्याची तार या दुसऱ्या स्क्रूवर यावयास हवी. ती पहिल्यावर बसली तर नवा दिवा बटणास न जुमानतां अहोरात्र जळेल. याहून सोपा मार्ग असा कीं, जुन्या दिव्याच्या सीलिंग रोजमधूनच दोन्ही तारा पुढें न्याव्या; बटणानें ताब्यांत ठेविलेली फेज व तिची न्यूट्रल, दोन्ही तेथें हजर असतात. बोर्डापासून नवी तार ओढल्यास न्यूट्रलहि त्याच फेऱ्यांतील घ्यावी. शेजारच्या फेऱ्याची न्यूट्रल जवळ पडते म्हणून उसनी घेण्याची खोड कांहीं कारागिरांस असते. तसें केलें कीं आरसीसीबी वारंवार पडूं लागतें, आणि एक फेरा बंद करून काम करणाऱ्यास दुसऱ्या फेऱ्याच्या प्रवाहाचा झटका बसूं शकतो. दिव्याचें कवच धातूचें असल्यास तिसरी, हिरवी अर्थिंगची तार अवश्य जोडावी.

भाराची मात्र चिंता नको. ६ ॲम्पिअरचें बटण २३० व्होल्टांवर हिशेबानें १,३८० वॅट सोसतें. आपले दोन दिवे मिळून १८ वॅट. वाढीव दिवा रोज तीन तास जळला तरी वर्षास सुमारें १० युनिटें होतात. काळजी घ्यावयाची ती तारेची व सांध्याची. तार तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची असावी. सांधा पेटींत, कनेक्टरनें घट्ट केलेला असावा. नुसता पीळ देऊन, पट्टी गुंडाळून गिलाव्याखालीं पुरलेला नसावा. ओट्यावरील उष्णतेनें व तेलकट वाफेनें पट्टी सुटते. आणि सांधा ढिला असला तर तापतो. जुन्या वाड्यांतून लांकडी पट्टीवरील रबरी वेष्टनाच्या तारा अद्याप असतील, तर वेष्टन वांकवितांच तुकडे पडतात कीं काय, हें वायरमननें पाहावें. पडत असतील तर प्रश्न दुसऱ्या दिव्याचा उरत नाहीं, सगळ्याच तारांचा होतो.

हें काम घरच्या हौशी हातानें करूं नये. भारतीय वीज नियम, १९५६ यांतील ४५ व्या नियमानें दिवे, पंखे, फ्यूज व बटणें यांच्या जागीं तशींच दुसरीं बसविण्याची मोकळीक ठेविली होती. परंतु जोडणींत भर घालणें वा फेरफार करणें हें परवानाधारक ठेकेदाराचें काम ठरविलें होतें. २०१० च्या विनियमांतहि हाच दंडक कायम राहिला. नवा दिवा ही भरच होय. गृहस्थानें करावयाचें काम निराळें आहे : समोर उभें राहून पाहावयाचें आणि विचारावयाचें.

आरंभीं मेन स्विच बंद झाला कीं नाहीं, हें पाहावें. टेस्टर प्रथम एखाद्या चालू टोंकास लावून तो शाबूत असल्याची खात्री करवावी, मगच बोर्ड उघडूं द्यावा. काम संपल्यावर दोन्ही दिवे काढून, मेन चालू व बटण बंद ठेवून, दोन्ही होल्डरांचीं चारहि टोंकें वायरमनकडून टेस्टरनें तपासून घ्यावींत. एकहि टोंक ठळक पेटतां कामा नये. ही शेवटची परीक्षा पांच मिनिटांची आहे, आणि ती मागितल्याचा राग चांगल्या कारागिरास येत नाहीं. ती झाल्यावांचून मजुरी चुकती करूं नये. कारण ओट्यावरचा तो दिवा पुढें कोण, केव्हां आणि कसल्या ओल्या हातानें बदलील, हें आज कोणासच सांगतां येणार नाहीं.