सादरीकरणातील हेक्टर आणि शिवारातील पंप

खरीपपूर्व प्रशिक्षणांचे दिवस आले की बार्शीटाकळी तालुक्यासारख्या कपाशी, सोयाबीन व तुरीच्या पट्ट्यात ग्रामपंचायतीच्या सभागृहात नाहीतर शाळेच्या खोलीत पडदा लागतो. पडद्यावरील माहिती बहुधा अचूक असते, कारण ती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशींवर आधारलेली असते. दोष असतो तो ती कोणत्या मापात आणि कोणत्या वेळी सांगितली जाते यात.

मापाचा दोष अधिक महाग पडतो. पडद्यावर मात्रा हेक्टरी लिहिलेली असते, शेतकरी जमीन एकरात मोजतो आणि फवारणारा मजूर फक्त पंप जाणतो. त्यामुळे जे गणित प्रशिक्षकाने सोडवून द्यावयाचे, ते बांधावर बाटलीच्या झाकणाने सोडवले जाते. लिटरमागे 2 मिलिलिटर मात्रा असल्यास 15 लिटरच्या पंपाला 30 मिलिलिटर लागतात, हे श्रोत्यांच्या हातून मोजपात्राने मोजून घेतल्याखेरीज प्रशिक्षकाने पुढे सरकू नये. हातपंप व पेट्रोलपंप यांना एकरी लागणारे पाणी सारखे नसल्याने एकाची पंपामागील मात्रा दुसऱ्याला लागू पडत नाही, हेही तेथेच सांगावे लागते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती, तरीही मिश्रण आणि संरक्षक साधने हे विषय आजही चहा येण्यापूर्वीच्या पाच मिनिटांत उरकले जावेत, हे अक्षम्य आहे.

वेळेचा दोष गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. डोमकळी, म्हणजे अळीने पाकळ्या आतून जखडल्यामुळे नीट न उमललेले फूल, मे महिन्यात चित्रात दाखवली जाते आणि पऱ्हाटी फुलावर येते तेव्हा ती ओळखून देणारा कोणी शेतात नसतो. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या कृत्रिम गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळल्यास उपाय योजावा, ही आर्थिक नुकसान पातळीही सापळ्यातील पतंग स्वतः मोजल्यावरच उमगते. 1989 मध्ये इंडोनेशियातील भातशेतीत आकारास आलेली शेतीशाळा याच जाणिवेतून निघाली: हंगामभर ठरावीक अंतराने पिकात उतरून निरीक्षण करावे आणि निर्णय शेतकऱ्यांनी घ्यावा, ही तिची रीत असून, 2018 पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने ती अकोल्यासह अनेक जिल्ह्यांत नेली. अर्थात छायाचित्र काढून उपस्थिती भरण्यापुरती शेतीशाळाही भरवता येतेच.

बीजप्रक्रियेचा क्रम, म्हणजे आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू खत, पडद्यावर वाचून दाखवून ‘समजलं ना?’ असे विचारल्यास ‘हो’ हेच उत्तर येणार. थोडे बियाणे पुढे ठेवून प्रक्रिया करावयास सांगितल्यास खरे उत्तर मिळते. वऱ्हाडातील विस्तार कर्मचाऱ्यांनी या खरिपात उपस्थितीच्या नोंदवहीत आणखी एक रकाना आखावा आणि आलेल्यांपैकी किती जणांनी पंपाची मात्रा स्वतः काढून दाखवली, हे त्यात लिहावे.